विश्लेषण : स्कूबाचे सामान १५ किलोंत कसे बसवायचे? आणि परतीच्या विमानात केव्हा बसायचे?

दिवाळी सरली की शीव, दादर, परळ भागातल्या घरांमध्ये अंदमान-लक्षद्वीपच्या सहलींचे बेत ठरू लागतात. या प्रवाशांमध्ये आता एक नवा प्रकार दिसतो. मालवणला हौसेने एकदा पाण्याखाली डोकावून आलेला, मग रीतसर प्रशिक्षण घेऊन स्कूबा डायव्हिंगचे प्रमाणपत्र मिळवलेला आणि पुढच्या सहलीला स्वतःचे सामान घेऊन निघालेला. त्याची पहिली गाठ पडते ती विमान कंपनीच्या वजनकाट्याशी. पाण्यात जे सामान जाणवतही नाही, ते काउंटरवर किलोकिलोने मोजले जाते. दुसरी गाठ परतीच्या वाटेवर पडते आणि ती अधिक गंभीर असते. शरीरात विरघळलेला नायट्रोजन कोणत्याही काट्यावर दिसत नाही, पण तो घेऊन घाईने विमानात बसणे जिवावर बेतू शकते.

१५ किलोंचा हिशेब कुठे बिघडतो?

देशांतर्गत विमानप्रवासात इकॉनॉमी वर्गाच्या बहुतेक तिकिटांवर चेक-इन सामानाची मर्यादा १५ किलो आणि केबिन बॅगेची ७ किलो असते. म्हणजे एकूण २२ किलो. त्यात कपडे, औषधे, चपला आणि घरून दिलेला लाडूंचा डबाही आला.

आता डायव्हिंगचे सामान पाहू. पाण्यात तरंगणे-बुडणे सांभाळणारे जॅकेट, म्हणजे बीसीडी, नेहमीच्या बनावटीचे असेल तर चार ते पाच किलोंचे असते. श्वास पुरवणारा रेग्युलेटर, त्याचा पर्यायी तोंडपट्टा आणि दाबमापक मिळून तीन किलोंच्या आसपास. लांब पात्यांचे फिन सव्वादोन किलो, तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट दोन किलो, बूट एक किलो. मास्क, स्नॉर्कल, टॉर्च, पाण्याच्या पृष्ठभागावर सोडायचा खुणेचा फुगा आणि त्याची दोरी धरून आणखी दीड-दोन किलो. बेरीज चौदा किलोंच्या पुढे जाते.

इथवर ठीक वाटते. मात्र अनेकांचा घोटाळा बॅगेतच होतो. डायव्हिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांच्या मोठ्या बॅगा रिकाम्याच चार-पाच किलोंच्या असतात. एक तृतीयांश मर्यादा तिथेच संपते आणि सहा दिवसांचे कपडे कोंबायला केबिन बॅग उरते. साधी, चाके नसलेली डफल बॅग सव्वा-दीड किलोत मिळते. ती टॅक्सीच्या डिकीत आणि हॅवलॉकला जाणाऱ्या फेरीबोटीतही सहज मावते.

घरच्या घरी वजन करायला खास काटा लागत नाही. न्हाणीघरातल्या काट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग बॅग उचलून. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे बॅगेचे वजन. मात्र हे वजन कोरड्या सामानाचे आहे, हे विसरू नये. नीट न वाळलेला वेटसूट आणि बूट पाणी धरून ठेवतात. जाताना १४ किलो भरलेली बॅग परतताना सहज १७ किलोंची होते ती त्यामुळेच.

सिलिंडर नेता येतो का?

भरलेला सिलिंडर विमानात नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये. त्यात साधी हवाच असली, तरी ती सुमारे २०० बार दाबाखाली असते. रिकामा सिलिंडरही नुसता ‘रिकामा आहे’ असे सांगून चालत नाही. झडप पूर्ण काढलेली असावी आणि आत काही नाही हे तपासनीसाला डोळ्यांनी दिसावे, अशी अपेक्षा असते. त्यावरही विमान कंपनी नाही म्हणू शकते.

पण नियमांपर्यंत जाण्याची गरजच नाही. डायव्हिंग केंद्रांवर सर्वत्र दिसणारा ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामाच १४ किलोंचा असतो. १५ किलोंच्या तिकिटावर तो नेणारा माणूस बाकी सामानासाठी एक किलो शिल्लक ठेवेल. त्यामुळे जगभर हौशी डायव्हर सिलिंडर आणि कमरेचे शिशाचे वजन मुक्कामीच घेतात. डायव्हच्या दरात ते बहुधा धरलेलेच असते.

परदेशात स्वस्त मिळाला म्हणून सिलिंडर भारतात आणण्याचा मोहही टाळलेला बरा. दाबाखालच्या वायूंचे सिलिंडर भारतात गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात आणि त्यांच्या मंजुरीचे काम पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना पाहते. या संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. शीवच्या फ्लॅटमधल्या एका हौशी माणसाने त्या वाटेने जाण्यात काही हशील नाही.

केबिनमध्ये काय आणि चेक-इनमध्ये काय?

सोपा निकष असा की, जे हरवले तर डायव्हच होणार नाही किंवा जे भाड्याने घेण्यावर विश्वास नाही, ते हातात. रेग्युलेटर, डायव्ह कॉम्प्युटर आणि मास्क ही ती त्रयी. तिघे मिळून तीन-साडेतीन किलोंत बसतात. फिन, बीसीडी, वेटसूट आणि बूट चेक-इनमध्ये जावेत. बॅग एक दिवस उशिरा आली, तर तेवढ्यापुरते हे सगळे भाड्याने मिळते.

रेग्युलेटर क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर विचित्र दिसतो. पितळी गोळा, त्यातून निघालेल्या चार काळ्या नळ्या, एका टोकाला घड्याळासारखी तबकडी. मुंबई विमानतळावर तपासणी करणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाने बॅग उघडायला सांगितली, तर त्यात नवल नाही. तो तळाशी न ठेवता वरच, सुटसुटीत पिशवीत ठेवावा आणि विचारल्यावर ‘पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण’ असे साध्या शब्दांत सांगावे. प्रशिक्षण संस्थेचे कार्ड फोनमध्ये तयार असले की बोलणे लवकर आटोपते. तरीही अंतिम निर्णय तपासणीवर असलेल्या कर्मचाऱ्याचाच असतो, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे हाताशी ठेवून निघावे.

डायव्हिंगचा चाकू, कात्री, पेचकस आणि पाने चेक-इनमध्येच जातात. पायाला बांधायचा चाकू चुकून केबिन बॅगेत राहिला, तर तो विमानतळावरच सोडून जावा लागतो. तसेही कोवळ्या प्रवाळात हिंडणाऱ्या हौशी डायव्हरला भल्यामोठ्या चाकूची गरज नसते. अडकलेली मासेमारीची तंगूस कापायला छोटे, बोथट टोकाचे लाइन कटर पुरते.

विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब नसतो, हा एक जुना गैरसमज आहे. प्रवासी विमानांत तोही कप्पा केबिनसारखाच दाबाखाली असतो. मात्र हा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे बंद जागी अडकलेली हवा फुगते. बीसीडीतली हवा आणि पाणी पूर्ण काढून मगच घडी घालावी. पाण्याखालच्या कॅमेऱ्याची पेटी घट्ट बंद करून नेली, तर आतबाहेरच्या दाबातल्या फरकामुळे मुक्कामी ती उघडता उघडत नाही. तिचे रबरी कडे, म्हणजे ओ-रिंग, काढून वेगळे ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय.

टॉर्च आणि बॅटऱ्यांचे नियम काय आहेत?

सर्वाधिक बॅगा अडतात त्या इथे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत. त्या केबिन बॅगेतच हव्यात. चेक-इन बॅगेत त्या सापडल्या, तर प्रवाशाला बोलावून काढायला लावतात. तो वेळेत पोहोचला नाही तर बॅग मागे राहू शकते. विमान चेन्नईत, बॅग मुंबईत.

मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजली जाते. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० दरम्यानच्या बॅटरीला लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या पुढची बॅटरी प्रवासी सामानात नेताच येत नाही. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले नसतील, तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावे. टॉर्चमध्ये घालतात त्या जाडजूड सेलचे उदाहरण घेऊ : ३.७ व्होल्ट गुणिले ३.४ अँपिअर-अवर म्हणजे साडेबारा वॉट-अवर. असे चार सेल असले तरी प्रश्न नाही, कारण मर्यादा प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र आहे. पण व्हिडीओ दिव्याचा १४.८ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-अवरचा जोडसंच घेतला, तर गुणाकार १००.६ येतो. कागदावर तो मर्यादेच्या बाहेर गेला. असा दिवा विकत घेण्यापूर्वीच हा गुणाकार केलेला बरा.

पाण्याखालचे प्रखर दिवे स्वतंत्रपणेही नियमांत आले आहेत. पाण्यात ते थंड राहतात. बॅगेत कपड्यांच्या घडीत चुकून सुरू झाले, तर आग लावू शकतात. म्हणून अशा दिव्यातून बॅटरी काढून ठेवावी लागते आणि विमान कंपनीला आधी विचारावे लागते. काढलेल्या सेलची टोके एकमेकांना किंवा किल्ल्या-नाण्यांना लागू नयेत, यासाठी प्लास्टिकची डबी किंवा टोकांवर चिकटपट्टी.

प्रवासाला सोयीचे सामान कसे निवडावे?

नवखे डायव्हर बहुधा उलट्या क्रमाने खरेदी करतात. आधी झोकदार बीसीडी, मग फिन, आणि मास्क जो मिळेल तो. प्रवास करणाऱ्याने याच्या नेमके उलट करावे.

पहिली खरेदी मास्कची. तो दोनशे ग्रॅमचा असतो आणि कोणत्याही दुकानातला मास्क कोणत्याही चेहऱ्याला बसत नाही. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो आपला. (मिशीवाल्यांनी ही परीक्षा दोनदा घ्यावी, मास्कची कड मिशीवर आली की पाणी झिरपतेच.) चष्मा असलेल्यांना नंबरच्या काचांचा मास्क भाड्याने मिळेलच याची शाश्वती नसते, तेव्हा तो स्वतःचाच हवा.

त्यानंतर डायव्ह कॉम्प्युटर. मनगटावरच्या या यंत्राला तुमच्या मागच्या चार दिवसांतल्या डायव्हची स्मृती असते. भाड्याने रोज वेगळा कॉम्प्युटर घेतला, तर ती स्मृती तुटते. सुरक्षिततेसाठी खर्च करायचा असेल, तर तो इथे करावा.

तिसरा क्रम रेग्युलेटरचा, आणि तोही वर्षाला पुरेसे डायव्ह होत असतील तरच. त्याचे सिलिंडरला जोडणारे तोंड दोन प्रकारचे असते : वरून शिकंजा आवळायचा योक आणि आट्यांनी फिरवून बसवायचा डिन. डिन हलका आणि आटोपशीर असतो, पण भारतातल्या बऱ्याच केंद्रांवर योकच्या झडपा भेटतात. डिन रेग्युलेटर आणि एक छोटा जोडतुकडा सोबत ठेवला की दोन्हींची सोय होते. नळ्या जाड रबराऐवजी विणलेल्या आवरणाच्या घेतल्या, तर वजन घटते आणि घडीही लहान होते. वजनापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. रेग्युलेटर ठराविक मुदतीने उघडून साफ करावा लागतो, आतले सुटे भाग बदलावे लागतात. ज्या बनावटीचे भाग आणि कारागीर भारतात मिळतात, तीच घ्यावी. परदेशातून आणलेला टायटॅनियमचा पिसासारखा हलका रेग्युलेटर दोन वर्षांनी कपाटात पडून राहणार असेल, तर त्या हलकेपणाचा उपयोग नाही.

फिनमध्ये आखूड पात्याचे, दीड किलोच्या आत बसणारे जोड मिळतात. जोराच्या प्रवाहात ते लांब फिनांइतकी ताकद देत नाहीत, हे पत्करून घ्यावे लागते. वेटसूटबाबत मात्र आपल्या समुद्राने मेहेरबानी केली आहे. अंदमान आणि लक्षद्वीपचे पाणी बहुतेक काळ २८ अंशांच्या आसपास असते. तिथे तीन मिलिमीटर पुरेसा होतो. ज्यांना थंडी फारशी वाजत नाही, त्यांचे पातळ लायक्राच्या अंगरख्यावरही निभावते आणि दीड किलो वाचतो.

बीसीडी शेवटी. प्रवासी बनावटीची बीसीडी दोन-अडीच किलोंची असते. तिला कडक पाठफळी नसते आणि ती गुंडाळता येते. तिची उचल जाड जॅकेटपेक्षा कमी असते, पण उबदार पाण्यात पातळ सूट घालणाऱ्याला वजनही कमी लागते, त्यामुळे ती पुरते. वर्षातून एकच सहल करणाऱ्याने मात्र ती भाड्यानेच घ्यावी.

मास्क धुके धरू नये म्हणून आणलेल्या द्रावणाची बाटली परदेशी प्रवासात १०० मिलिलिटरच्या आत हवी. लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंबही तेच काम करतात, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल.

मालवणला जायचे तर?

शीव या नावातच सीमा आहे. एके काळी मुंबई बेट इथे संपत असे. आज डायव्हरच्या दृष्टीने ते तिठ्यावरचे ठिकाण आहे. धारावी-बीकेसीमार्गे सांताक्रूझ-सहारचे विमानतळ, शीव-पनवेल महामार्गाने डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ, आणि दोन स्थानके अलीकडे दादर.

मालवणसाठी यांतला तिसरा पर्याय सर्वात शहाणपणाचा आहे. दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस किंवा कोकण रेल्वेची दुसरी एखादी गाडी कुडाळ-कणकवलीला सोडते. स्लीपर आणि थ्री-टायर एसीच्या तिकिटावर प्रत्येकी ४० किलो सामान मोफत नेता येते. सिंधुदुर्गात चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला खरा, पण तिथल्या विमानसेवेत खंड पडत आले आहेत आणि तिथे उतरणारी विमाने बहुधा लहान, म्हणजे सामानाची ओढाताण जास्त. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मालवण किनाऱ्यावर तर हौशी डायव्हसाठी सगळे सामान मिळतेच. मास्क आणि टॉवेल नेला तरी पुरे.

लक्षद्वीपचा मामला वेगळा. प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो आणि अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची असल्याने तिथे छोटी एटीआर विमानेच उतरतात. मुंबईहून बेंगळुरू, कोची किंवा गोव्यापर्यंत चाललेले वजन पुढच्या छोट्या विमानात चालेलच असे नाही. दोन वेगळी तिकिटे असतील, तर कमी मर्यादेचे तिकीट धरून बॅग भरावी.

शेवटच्या डायव्हनंतर किती तास थांबावे?

दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू, कित्येक तासांत श्वासावाटे बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. नायट्रोजन शिल्लक असताना या कमी दाबात गेले, तर सोडावॉटरची बाटली उघडल्यावर होते तसे शरीरात बुडबुडे धरू शकतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, चक्कर येते. मज्जारज्जूवर घाला पडला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते.

डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मार्गदर्शन असे आहे : एकच साधा डायव्ह केला असेल तर किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केले असतील तर किमान १८ तास, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीने थांबावे लागलेले डायव्ह असतील तर त्याहून बरेच जास्त. अनेक कॉम्प्युटर सरसकट २४ तास दाखवतात. सहलीला गेलेल्यांनी २४ चाच आकडा धरावा, कारण ‘किमान’ या शब्दाचा अर्थ धोका शून्य झाला असा होत नाही.

अंदमानच्या सहलीत याचे गणित असे बसते. गुरुवारी दुपारी तीनला हॅवलॉकला शेवटचा डायव्ह संपला, तर शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत विमान नको. श्रीविजयपुरमहून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून, शुक्रवारी सकाळचे विमान असेल, तर डायव्हिंग बुधवारीच थांबवावे. गुरुवारचा दिवस फेरीने परतायला, सेल्युलर जेल पाहायला आणि मुख्य म्हणजे सामान वाळवायला मिळतो. तिकीट काढतानाच हा रिकामा दिवस धरायला हवा. नंतर ‘एकच शेवटचा डायव्ह’ म्हणणाऱ्या मित्रांपुढे टिकाव लागत नाही.

नियम उंचीचा आहे, विमानाचा नाही, हेही लक्षात घ्यावे. हे मार्गदर्शन सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होते आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणला दिवसभर डायव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे बेळगाव-कोल्हापूरकडे गाडी काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. किनाऱ्याने धावणाऱ्या कोकण रेल्वेला ही अडचण नाही. दाखवण्यापुरता उथळ पाण्यात घेतलेला एक डायव्हही हिशेबात धरावाच; त्यानंतरही विमानासाठी १२ तास मोजावे लागतात. उलट बाजूने, विमानातून उतरून त्याच दिवशी पाण्यात जायला नायट्रोजनची हरकत नसते. फक्त झोप आणि पाणी पुरेसे झालेले असावे.

डायव्हनंतर लक्षणे जाणवू लागली, तर ‘मुंबईला जाऊन दाखवू’ हा विचार सर्वात घातक. शुद्ध ऑक्सिजन देत जवळच्या दाबकक्षाकडे नेणे हा उपचार असतो. अंदमानात तशी सोय श्रीविजयपुरमच्या आयएनएचएस धन्वंतरी या नौदल रुग्णालयात आहे. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीच्या आवारातली नौदल वैद्यकीय संस्था पाण्याखालच्या वैद्यकाचेच प्रशिक्षण देते. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी खांदा किंवा गुडघा अकारण दुखू लागला, तर शीवच्या डॉक्टरांना ‘चार दिवस डायव्हिंग केले आणि विमानाने आलो’ हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवे. नाहीतर त्यांचा तर्क बॅगा उचलल्याच्या दुखण्याकडे जाईल.

घरी आल्यावर सामानाचे काय?

मुक्कामी कितीही धुतले, तरी खारट पाणी शिलाईत आणि झडपांत राहतेच. रात्री बादलीभर गोड्या पाण्यात सगळे भिजत घालावे. त्याआधी रेग्युलेटरच्या तोंडाची टोपी कोरडी करून घट्ट लावलेली असावी, आणि भिजत असताना मधले बटण दाबू नये. पाणी आत शिरते. बीसीडीच्या आतही गोडे पाणी भरून, हलवून काढावे. वेटसूट गॅलरीत उन्हाच्या माऱ्यात न वाळवता सावलीत, जाड हँगरवर टांगावा. दोन खोल्यांच्या घरात यासाठी न्हाणीघर दोन दिवस अडते, याची घरच्यांना आधी कल्पना दिलेली बरी. खरी कसोटी जून ते सप्टेंबरची. मालवणचे डायव्हिंग पावसाळ्यात बंद असते, सामान कपाटाच्या वर जाते आणि मुंबईच्या दमट हवेत निओप्रीनला बुरशी धरते. बीसीडी अर्धवट फुगवून, रेग्युलेटरच्या नळ्या न मुडपता सैल गुंडाळून आणि टॉर्चमधून सेल काढून ठेवावेत. गणपतीनंतर एकदा सगळे बाहेर काढून तपासले, म्हणजे दुरुस्तीला द्यायचा रेग्युलेटर दिवाळीआधी हातात येतो.